पुष्पावतीचा लाल ठिपका

मिरजगावच्या हायवेवर पुष्पावतीचं पंक्चरचं दुकान कुठं आहे, हे ट्रकवाल्यांना सांगावं लागत नाही. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून ही बाई ट्रकचं चाक एकटीनं उतरवते, आणि कुणी टकामका बघत उभा राहिला तर "तमाशा हाय का हितं? जॅक धर," म्हणून त्यालाच कामाला लावते. नवरा गहिनीनाथ ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दुकान तिच्या बापाचं. बावीस वर्षं तीच चालवते आहे.

तिची एक खोड आहे. चाकाचे सगळे नट आवळून झाले की शेवटच्या नटावर लाल ऑइलपेंटचा ठिपका. ठिपका असला तर काम झालं. नसला तर नाही झालं, मग देव येऊन सांगो! ही खोड काही उगाच लागलेली नाही. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका जीपचे नट तिनं नुसते हातानं बसवले, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि पाना फिरवायचा राहून गेला. माणसांनी भरलेली जीप दोन किलोमीटरवर शेतात घुसली. कुणी दगावलं नाही, पण एका म्हातारीचा हात मोडला. जीपवाल्यानं ते चाक आणून मुकाट्यानं दुकानापुढं ठेवलं आणि निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती अजून म्हणते.

दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या माळावर रेसिंगचा ट्रॅक झाला. शाळकरी वयाच्या पोरापोरींची स्पर्धा, एका सीटच्या, उघड्या चाकांच्या बुटक्या गाड्या. एका टीमचा मॅनेजर अमृत एकदा पंक्चर काढायला थांबला, तिचा हात चालताना बघितला आणि चाकांचं काम तिलाच देऊन बसला. बाकीचे टीमवाले खूप हसले. पंक्चरवाली बाई रेसिंगची चाकं बसवणार म्हणे! हसू द्या. हंगामात तिच्या चाकानं एकदाही दगा दिला नव्हता.

आणि आज हंगामाची शेवटची रेस होती. टीमची ड्रायव्हर राजेश्वरी, बेलापूरच्या कल्याणरावांची मुलगी, सोळा वर्षांची, पहिल्या तिघांत आली की अजिंक्यपद तिचं. सुटायची जागा दुसरी. म्हणजे घास तोंडाशीच आलेला. पुष्पावतीचा या पोरीवर भारी जीव. पोर तिला मावशी म्हणायची आणि तिच्या डब्यातली भाकरी न विचारता खायची.

सकाळी ट्रॅकवरच्या टीमच्या गॅरेजात तीन चाकं झाली होती. ती पुढच्या डाव्या चाकाशी बसलेली, तेवढ्यात अमृत ताट घेऊन आला. "मावशी, आधी गाडीला ओवाळा बरं. कल्याणराव नारळ घेऊन ताटकळलेत."

गॅरेजात दुसरी बाई नव्हती, मग कोण ओवाळणार? तिनं हात पुसले. नारळ फुटला, फोटो निघाले. गाडीच्या नाकाला हळदीकुंकू लावलं, चारही चाकांना लावलं, आणि पोरांनी गाडी ढकलत बाहेर काढली. अमृतनं कागदावर खूण केली: चार चाकं, चार लाल ठिपके.

ट्रॅकवर सोळा गाड्या रांगेत लागल्या. ऊन मी म्हणत होतं. पुष्पावती राजेश्वरीवर छत्री धरून उभी. सुटायला तीन मिनिटं उरल्याची पाटी वर गेली. या पाटीनंतर चाकाला पाना लावला की गाडी रांगेच्या शेवटी, हा नियम लहान पोरालाही पाठ. माळावरून वारा आला, साडीचा काठ पुढच्या डाव्या चाकाला घासला आणि लाल झाला.

वाळलेला ऑइलपेंट कापडाला लागत नाही. तिनं वाकून अंगठा फिरवला. लाल निघालं, आणि खाली कोरं लोखंड.

पाना फिरवला होता का? आठवेना! हातात पाना होता, मग अमृतची हाक, मग ताट. मधलं काही केल्या डोळ्यापुढं येईना.

"अमृतभाऊ, या चाकाला ठिपका न्हाई."

"आहे की! लाल दिसतंय."

"कुंकू हाय त्ये!"

अमृतच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, आवळलंच असणार हो. तुम्ही विसरता का कधी? आता हात लावला तर सगळं मातीत जाईल."

एक मिनिटाची पाटी वर गेली. इंजिनं धडधडली. हेल्मेटमधून राजेश्वरी ओरडली, "मावशी, सरक ना!"

आवळलेलंच असेल. दहात नऊ वेळा असतंच. पण त्या दहाव्या वेळी एक चाक येऊन दुकानापुढं पडलं होतं. पुष्पावतीनं छत्री फेकली आणि दोन्ही हात वर करून गाडीपुढं उभी राहिली.

ट्रॅकवरचा मार्शल धावला, गाडी बाजूला घेतली. तिनं पाना लावला. हा पाना नट पुरता आवळलेला असला की जागच्या जागी टक् करतो. पहिला नट, टक्. दुसरा, टक्. तिसरा. चौथा. एकही केसभर हलला नाही. त्या गोंगाटात टक् कुणालाच ऐकू गेलं नाही. कळलं ते फक्त तिच्या तळहाताला. अरे देवा, हे काय करून बसले मी, असं तिला झालं.

राजेश्वरी सोळावी सुटली. बारा फेऱ्यांत पोरीनं जिवाचं रान केलं, एकेक गाडी मागं टाकली. पाचवी आली.

गॅरेजात सगळे गोळा झाले. अमृतनं विचारलं, आणि कशाची आशा धरून विचारतोय ते चेहऱ्यावर दिसत होतं, "सैल होता ना मावशी? एक तरी?"

राजेश्वरी हेल्मेट काढून उभी होती. डोळे लालभडक. कल्याणराव, शेजारच्या टीमवाले, सगळे पुष्पावतीच्या तोंडाकडं बघत होते. 'व्हय' म्हणायचा अवकाश, आणि ती पोरीचा जीव वाचवणारी ठरली असती. कोण तपासणार होतं? ती म्हणाली, "न्हाई. चारी घट्ट हुते. मीच आवळले हुते, ठिपका द्यायचा राहिला. चूक माजी."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. राजेश्वरीनं हातमोजे जमिनीवर आपटले आणि ढसाढसा रडत बाहेर गेली. पुष्पावतीनं ते उचलले, झटकले, टेबलावर ठेवले आणि आपली हत्यारं पिशवीत भरायला घेतली. पुन्हा इथं कुणी बोलावणार नाही, हे ती धरूनच चालली होती.

बाहेर कल्याणरावांनी जीप सुरू केली. बेलापूरपर्यंत तीन-चार तासांचा रस्ता. राजेश्वरी दारात पाय ठेवून थांबली. अजून मुसमुसत होती, पुष्पावतीकडं बघायलासुद्धा तयार नव्हती.

"पप्पा, बंद करा गाडी."

"आता काय?"

"आधी मावशीला चाकं बघू द्या."

पुष्पावती पिशवी घेऊन बाहेर आली, पाना काढून जीपच्या चाकाशी बसली. एकेक करून तिनं चारही चाकं तपासली, आणि प्रत्येकावर रंगाचा ठिपका दिला. शेवटच्या ठिपक्याला राजेश्वरीनं जवळ येऊन रंगाची डबी धरली.