मामींची साडी आणि म्हैस

बायकोचे मामा-मामी लेकाकडे दुबईला गेले, तेव्हा त्यांचं अंबडचं घर आणि म्हैस आमच्या हवाली करून गेले. आमचं लग्न नुकतंच झालेलं. नवीन जालन्यात खोली घ्यावी की हसनाबादला माझ्या घरी राहावं, हे काही केल्या ठरत नव्हतं.

म्हैस मात्र मामींशिवाय कुणाला धार काढू देईना. मी खाली बसलो की तिची लाथ बसायची आणि बादली गोठ्याबाहेर जायची. बायको लांबूनच म्हणाली, "मामींची साडी नेसून बसा. तिला वाटंल, मामीच आल्या."

"मंग तूच नेस की!"

"मला भ्या वाटतं म्हशीचं."

शेवटी मी साडी गुंडाळली आणि मिशा झाकतील एवढा पदर ओढला. म्हैस लगेच पान्हवली. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "अगं बाई, वैनी! दुबईहून कधी आलात?"

मी घाबरून बारीक आवाजात म्हणालो, "आत्ताच."

काकूंनी जल्दी जाऊन गल्लीला सांगितलं. बघता बघता अंगण भरलं, आणि एका म्हातारबुवांनी तिथं उंटाचं दूध मिळतं का, असंही विचारलं. उत्तर द्यायला मी वळलो आणि पदर घसरला. काकू मटकन खालीच बसल्या. सगळ्यात जास्त हसली ती माझी बायको.

संध्याकाळी ती म्हणाली, "आता या गावात तुम्हाला लाजायला काही उरलंच न्हाई. इथंच राहू."

त्याच गल्लीत आम्ही घर केलं.