आधी तोंड कोणीकडं?

वानखडे मॅडम धन-ऋण संख्या फळ्यावर कधीच सुरू करत नसत. पदर खोचून त्या शाळेच्या व्हरांड्यात उकिडव्या बसत आणि खडूने लांब रेघ ओढत. मध्ये शून्य. एका टोकाला शाळेचे फाटक, तिकडच्या संख्या धन; दुसऱ्या टोकाला हापशी, तिकडच्या ऋण. पहिल्या संख्येवर उभे राहायचे; बेरीज असेल तर फाटकाकडे तोंड करायचे, वजाबाकी असेल तर हापशीकडे. मग दुसरी संख्या धन असेल तर सरळ चालायचे, ऋण असेल तर उलट पावली. कोणी घाईने निघाले की त्या ओरडत, "आकडा मंग पाहू, आधी तोंड कोणीकडं हाय ते सांग!"

मी अकोल्याहून बदलून बार्शीटाकळीच्या या शाळेत आले, तेव्हा त्या सहावीला शिकवत आणि मुख्याध्यापिकेचा कारभारही पाहत. मला सातवी मिळाली. व्हरांड्यातला प्रकार मला वेळखाऊ वाटला. माझे काम आखीव: भिंतीवर नियमांचा तक्ता आणि रोज पाठांतर. ज्यांना नियम म्हणता येईनात, त्यांची मी लाल पेनाने यादी केली. शीर्षक 'कच्ची मुले'. पहिले नाव पूजाचे. या मुलांना गणिताच्या तासाला पाचवीत बसवायचे ठरवून यादी मॅडमच्या सहीला पाठवली.

सही आली नाही, मॅडमच आल्या. फळ्यावर लिहिले: −३ − २.

"पाच!" सगळा वर्ग ओरडला. "ऋण ऋण धन!"

पाठांतराची ती चाल माझीच होती. गुणाकाराचा नियम मुलांनी इथेही ठोकून दिला होता.

"पूजा, तू काहून चूप हायेस वं?"

"मॅडम, मले ते म्हनता येत नाई."

"म्हनू नको. चाल."

पूजा व्हरांड्यात गेली. सहावीची रेघ पुसट झाली होती, तरी दिसत होती. ती वजा तीनवर उभी राहिली, हापशीकडे तोंड केले आणि दोन पावले सरळ टाकली. "वजा पाच," ती म्हणाली. दारात गर्दी करून पाहणाऱ्या पोरींतली एक दुसरीला म्हणाली, "अवं, मंग आपुन कोन्या गावाले गेलो होतो?"

मॅडमनी यादी माझ्या हातात परत दिली. "बाई, नाव बरोबर पह्यलं लिवलं तुमी. यादी तेवढी उलटी हाय."

पूजा पाचवीत गेली नाही. कोणीच गेले नाही.

मॅडम सगळ्या बाबतीत आदर्श होत्या असे नाही. त्यांचे हजेरीपत्रक कायम मागे असे आणि महिनाअखेरीला मीच ते भरून देई. वर मलाच हाक मारत, "काय म्हनते आमचा चित्रगुप्त?"

निवृत्तीनंतर त्या अमरावतीला लेकीकडे गेल्या. राजापेठेत घरासमोर इतक्या गाड्या, की रेघ ओढायला जागा नाही, ही त्यांची एकच तक्रार.

यादी मी अजूनही करते, पण पेन्सिलने. परवा फोनवर त्यांनी विचारले, "यंदा कच्चे किती?"

"नऊ."

"तोंड कोणीकडं हाय त्याइचं?"

सात जणांचे सांगितले: कोण कुठे अडते, कोण कुठवर आले. उरलेल्या दोघांचे सांगता येईना.

"मंग फोनवर काय करून राहिली? जा, पाहून ये."