मेथ्यांच्या पाण्याची बाटली

मलकापूरच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला, त्या दिवसापासून माझं गोड पिणं बंद झालं. चहात साखर नाही, उसाचा रस नाही, थंडा तर नाहीच. सव्वा महिन्यात चार किलो उतरले आणि मला शिंगं फुटली. जाईन तिथं मेथ्यांच्या पाण्याची बाटली सोबत. बायको म्हणायची, वजन उतरलं, पण त्याचं कौतुक चढलं.

त्याच तोऱ्यात मी ऑफिसातल्या मित्राच्या घरी गेलो. आम्ही दोघं मोताळा तालुक्यातल्या एकाच गावचे. त्याचं घर बौद्धपुऱ्यात, माझं पाटलांच्या गल्लीत. बारा वर्षं एका टेबलावर डबा खातो, पण गावातल्या त्याच्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. त्याच्या मुलीला नर्सची नोकरी लागली होती, तिचं अभिनंदन करायचं होतं.

मुलीनं पाणी आणलं. मी बाटली दाखवून म्हटलं, माझं आहे. मग तिनं लिंबाचं सरबत आणलं. गोड बंद आहे, असं सांगून मी हात आडवा केला आणि बाटलीतला घोट घेतला.

मुलगी ट्रे धरून तशीच उभी. मित्र फरशीकडे पाहत होता. मला अजूनही उमगलं नव्हतं, मी आपला चार किलोंची कथा सांगत सुटलो. त्याचे वडील खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी आमच्या शेतात उभी उमर काढली होती. त्यांना कामाला बोलवायला माझे वडील याच दारापर्यंत येत.

"तुमच्या बाबाले उपास राहे," ते शांतपणे म्हणाले. "पानी इचारलं का उपास. दर बारीले."

माझ्या वडिलांनी जन्मात एक उपास धरला नव्हता.

डॉक्टरांचा कागद खिशात होता, पण तो काढून दाखवायची हिंमत होईना. आणि दाखवून काय सांगणार होतो? बंद गोड होतं, पाणी नव्हतं. मी ट्रेमधला ग्लास उचलून सरबत एका दमात संपवलं, मग पाणीही प्यायलो. माझी मलाच लाज वाटत होती. चुकलं माझं, असं मित्राला म्हटलं. तो मान वर न करता म्हणाला, "राहू दे."

आमच्या भागात पाहुण्याला एका ग्लासावर कोणी सोडत नाही, हातातला ग्लास ओढून पुन्हा भरतात. मी रिकामा ग्लास धरून बराच वेळ बसलो. कोणी विचारलं नाही.