सात महिने चुकीच्या शहरात

माझा चुलतभाऊ रमेश याने माझ्या धाकट्या भावाला, सुधाकरला, फसवलं. मग मलाही फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात ही गोष्ट उलटी सांगितली जाते.

आता आजाराचं. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी त्याचं नाव ‘स्किझोफ्रेनिया’ असं सांगितलं. कोणी बोलत नसताना माणसाला आवाज ऐकू येतात, आपल्या वाइटावर कोणीतरी टपलंय असं त्याला खरोखर वाटतं. त्यातला ‘खरोखर’ हा शब्द मला फार उशिरा समजला.

सुधाकर तेव्हा चौतीस वर्षांचा होता. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, धंदा बैलांच्या दलालीचा. शाळा सोडून मी बाजारात दोर विकायला बसलो होतो, तिथून इथवर स्वतःच्या तोंडाच्या जोरावर आलो. दात बघून बैलाचं वय सांगावं ते मात्र सुधाकरनेच. एका बाजारात तो दावणीपासून एकदम मागे सरला. म्हणाला, “दादा, हे गिऱ्हाईकं माह्यावर पाळत ठेवून राह्यले.” मी हसलो. पंधरा दिवसांत त्याची झोप गेली, मग आंघोळ, मग घरचं जेवण.

“किती दिवसांत बरा होईन? पक्कं सांगा,” मी डॉक्टरबाईंना विचारलं.

“हा सौदा नाही, भाऊ. गोळ्या रोज द्यायच्या. मला विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही.”

तीन महिन्यांत तो चांगला सुधारला आणि मी गोळ्या निम्म्यावर आणल्या. समोरचा सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची, ही माझी जन्माची सवय. डॉक्टरही वाढवूनच सांगत असणार, असं मी धरलं. माझ्या घरातला आजार मी स्वतःच्या हाताने परत बोलावला. त्याला ‘रिलॅप्स’ म्हणतात, म्हणजे उतरणीला लागलेला आजार पुन्हा चढणं. तुमच्या घरात असा माणूस असेल, तर बाकी सगळीकडे घासाघीस करा, इथे करू नका.

पुन्हा दवाखान्याची तारीख मिळाली ती नेमकी बाजाराच्या दिवशी. रमेशची प्रवासी जीप आहे. “तू बाजार कर दादा, मी नेतो ना त्याले,” तो म्हणाला. संध्याकाळी एकटाच परत आला. “दवाखान्याच्या फाटकापाशी उतरला अन् पयाला. म्या लय पायलं.”

मी अमरावतीत सात महिने शोधलं. बसस्टँड, रेल्वेस्टेशन, देवळांपुढच्या पंगती, दवाखान्यांचे व्हरांडे. पोलिसांत तक्रार दिली. तो सापडेपर्यंत दाढी करणार नाही असं ठरवलं. कोणी नुसतं पाठमोरं बसलेलं दिसलं तरी पुढे जाऊन तोंड बघायचो. सरकारी दवाखान्यातले वॉर्डबॉय मला नावाने ओळखायला लागले.

आणि फोन आला तो अकोल्याहून.

रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना आणून, औषधपाणी करून, घर सापडलं तर घरी पोचवणारी एक छोटी संस्था तिथे आहे. सुधाकर त्यांना अकोला स्टेशनबाहेर मिळाला होता. पायाला जखम, अंगात ताप, तोंडातून शब्द नाही. सहा महिने तो तिथे मुकाच राहिला. फक्त एक करायचा. शेजारच्या माणसाचा हात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि खालून त्याची बोटं दाबायचा. सगळ्यांनी ते आजाराचंच लक्षण मानलं.

मग महादेवभाऊ नावाचे नवे स्वयंपाकी आले. मूर्तिजापूरकडचे, पूर्वी घरी शेती आणि बैलजोडी. सुधाकरने त्यांची बोटं दाबली तशी त्यांच्या लक्षात आलं, की हा भाव सांगतोय. बैलबाजारात चारचौघांसमोर किंमत बोलत नाहीत, रुमालाखाली बोटांनी ठरवतात. महादेवभाऊंनीही बोटं दाबली, मुद्दाम फार कमी भाव दिला. सुधाकर उसळून बोलला, “एवढ्यात शेपटी घेऊन जा!” सगळी पंगत हसली म्हणे. सहा महिन्यांतलं त्याचं ते पहिलं वाक्य.

नाव-गाव तो तरीही सांगेना. महादेवभाऊ सुट्टीच्या दिवशी मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेऊन बैलबाजार फिरले. चौथ्या बाजारात एका दलालाने ओळखलं, माझा नंबर दिला.

मी अकोल्याला पोचलो तर फाटकावरच्या बाईंनी मला पाहिलं आणि आतल्या ताईंना हाक मारली, “ताई, नवीन पेशंट आला, सोताच चालत आला!” दाढी छातीपर्यंत, डोळे तारवटलेले. त्यांचं काय चुकलं? पण मी भडकलो. संस्था चालवणाऱ्या ताई बाहेर आल्या, त्यांच्यावरच ओरडलो. “सात महिने माणूस ठेवून घेतला, कळवलं काहून नाई?”

“कोणाले कळवू दादा? त्यायच्या कपायावर नंबर लिवला होता का?” ताई म्हणाल्या. “पहिले पाणी प्या. मंग भांडू.”

सुधाकर आला. गुळगुळीत दाढी केलेली, धुतलेला शर्ट, अंगाने थोडा भरलेला. मला खालून वर बघितलं.

“दादा, तुले काय झालं?”

मी तिथेच खाली बसलो.

लगेच घरी नेतो म्हणालो, तर ताईंनी अडवलं. आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, मग सुधाकरला विचारा. डॉक्टरांनी ‘डेपो इंजेक्शन’ समजावलं. महिन्यातून एकदा द्यायचं, औषध हळूहळू अंगात उतरत राहतं, रोजच्या गोळ्यांची कटकट कमी. दुसरा शब्द ‘इन्साइट’, म्हणजे आपल्याला आजार आहे हे रोग्याला स्वतःला उमगणं. “ती यांना येऊ लागली आहे. घरात त्यांचं बोलणं खोडून काढू नका,” ते म्हणाले. सुधाकरने आणखी तीन आठवडे मागितले. मी पहिल्यांदाच कोणाला न चिडता वेळ दिला.

आज तो घरी आहे. आवाज कधीमधी येतात, पण ते आजाराचे आहेत हे त्याला कळतं. इंजेक्शनला आम्ही दोघं अकोल्याला जातो, ती तारीख मी कोणावर सोडत नाही. तो रात्री झोपतो, म्हणून मीही झोपतो. त्या ताईंचं आणि महादेवभाऊंचं ऋण मी मान्य करतो, आणि मी सहसा कोणाचं मान्य करत नाही.

घरी आल्यावर महिन्याभराने सुधाकरने सांगितलं. रमेशने त्याला अमरावतीला नेलंच नव्हतं. अकोल्याचं लग्नाचं भाडं मिळालं, जीप तिकडे वळवली. सुधाकर पुटपुटायला लागला, बायामाणसं घाबरली. रमेशने त्याला स्टेशनवर उतरवलं, एका बाकावर बसवलं. “इथंच बस, मी आलोच.” सुधाकर दोन दिवस त्या बाकावर बसून होता.

रमेश गावभर म्हणतो, “येड्याच्या बोलण्यावर कोण इश्वास ठेवते?” आणि चार शहाणी माणसं माना डोलावतात.

मी ठेवतो. रमेश, मला काही सांगायला येऊ नकोस, माझ्यासमोर तू खोटं बोलून चुकला आहेस. सुधाकर ओट्यावर बसलेला असतो. त्याच्यासमोर उभा राहा, त्या मान डोलावणाऱ्यांनाही घेऊन ये, आणि परत का आला नाहीस ते त्याला सांग.