माह्या डोक्यावरची पाटी

माह्या मायच्या डोक्यावर पाटी लटकत होती, अन् तिच्याखाली बसून माय हसत होती.

समोर पाटलाच्या घरची बायामाणसं उभी होती. वाशीमहून आलेले साहेब होते, साहेबाची बायको होती. सारे मायकडे पाहून हसत होते. मायले वाटलं आपलं काम जमलं. मग तिनं अजून जोर केला. दोन्ही हात वर करून ओरडली, "अवं माय वं! भाजली वं! मेली वं!" लोकं पोट धरून हसले.

पाटीवर लिहिलं होतं, 'धन्याच्या शेतात चोरी करणारी'.

मायले वाचता येत नव्हतं. त्या साऱ्या नरकात वाचता येणारी मी एकटीच होती.

नरक म्हणजे जत्रेतला नरक. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं गाव रिठदपासून दोन कोस. गावात दरसाल जत्रा भरे. त्या साली जत्रेच्या कमिटीनं ठरवलं का वाशीमच्या मुलखात कोणी पाहिलं नाही असं काही करायचं. अकोल्याहून पेंटर आणला. बांबू, तट्टे, गोणपाट लावून मैदानात लांबलचक बोगदा उभा केला अन् दारावर नाव टाकलं, 'त्रैलोक्यदर्शन'. आमी त्याले सोर्गनरक म्हणत होतो. दुरून पाहायची गोष्ट नव्हती ते. माणसानं आतून चालत जायचं. पयले नरक, दोन्ही बाजूले पापी बसलेले, मग अंधारी गल्ली, मग पडदा, पडद्यापलीकडे सोर्ग. पेंटर म्हणे, "आत गेलेल्याला वाटलं पाहिजे, आपण खरंच मेलो अन् वर आलो."

सोर्गात बसाले पाटलाच्या अन् देशमुखाच्या घरच्या पोरी ठरल्या. जरीची लुगडी, झोपाळा, कापसाचे ढग. तो कापूस आमीच येचला होता.

नरकासाठी पाटलाचा सालदार महारवाड्यात आला. म्हणे, "पाटलानं सांगतलं, पंधरा मानसं पायजेत. बाया बी चालतीन."

मायनं विचारलं, "अन् सोर्गाले?"

"सोर्ग भरला," त्यानं सांगितलं.

आमच्या शेजारी किसनआबा राहे. डफडं वाजवणारा म्हातारा, तोंडाचा मोठा खट्याळ. तो म्हणाला, "जाऊ ना बाप्पा! आपल्याले कुठं नवं हाय थे? आपुन तं सवयीचे मानसं." साऱ्या वस्तीनं हसून घेतलं. जत्रेचे पाच दिवस दुपारचं जेवण भेटणार होतं, अन् पाटलाचा निरोप होता. नाही म्हणायची सोयच नव्हती.

मी बी खुश होती. खोटं कायले बोलू? चौदा वर्षांची पोर. मले सोर्ग पाहाचा होता. वाटलं, नरकात बसली तं पडद्याजवळ तं राहीन, एखाद्या टायमाले दिसंनच.

मी गावच्या शाळेत चौथी पास झाली होती. आमच्या वाड्यातली पयली पोरगी. पण शाळेत म्हणजे शाळेच्या ओट्यावर. पोट्टे आत बसत, मी उंबऱ्याबाहेर. गुरुजीचा फळा मले दारातून अर्धाच दिसे. वाचायची पाळी आली का गुरुजी आतून ओरडत, "मोठ्यानं वाच! आत ऐकू आलं पाहिजे!" आतले पोट्टे तोंडातल्या तोंडात वाचत, त्याहिले चाले. मले बोंबलूनच वाचा लागे. चार वर्षं बोंबलली. गळा असा मोकळा झाला का वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, बांधावरून बांधावर, हाक जाये. गुरुजीचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी त्याच अक्षरावरून शिकली. अंधारात बी वळखलं असतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी पाहणी होती. गावातल्या मोठ्या घरांनी अन् वाशीमच्या साहेबानं पयले पाहायचं, मग दुसऱ्या दिवसापासून दुनियेनं. आमाले सकाळपासूनच बसवून ठेवलं होतं. तोंडाले काजळी फासली. मले गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईत बसवलं, कढईखाली लाल कागद अन् कंदील. माय माह्या समोरच्या बाजूले, बांबूच्या खांबाले दाखवण्यापुरती सैल सुतळीनं बांधलेली, हात समोर बांधलेले. तिच्या बाजूले किसनआबा, त्याच्या पलीकडे गंगाकाकू. गंगाकाकूचा नवरा तिले सोडून देशावर निघून गेला होता, एकटी राबून खाये.

पाहुणे याच्या जरासे अगोदर गुरुजी आले. काखेत पाट्यांचा गठ्ठा. पेंटरचा माणूस स्टुलावर चढला अन् एकेकाच्या डोक्यावर एक-एक पाटी लटकवत गेला. दिवसाढवळ्या बी आत अंधार होता, गॅसबत्ती अजून पेटवली नव्हती. पाटी दिसे, अक्षर दिसे नाही.

किसनआबानं विचारलं, "काय लिहलं जी गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "तुमची नावं लिहिली आहेत."

माय एकदम सरळ बसली. "माह्यं नाव? एवढ्या मोठ्या पाटीवर?" माह्याकडे पाहून म्हणे, "पाय वं पोरी, माह्यं नाव लिहलं! जिंदगीत पयल्यांदा कोनी माह्यं नाव लिहलं." तिनं बांधलेल्या हातानंच पदर नीट केला. नावाखाली बसायचं तं नीट बसावं, असं तिले वाटलं.

मग गॅसबत्ती आली. डफडे वाजले. पाहुणे आत शिरले. उजेड पाट्यांवर पडला, अन् मी मायचं नाव वाचाले मान वर केली.

पयले वाटलं, मी चुकीचं वाचून राह्यली. परत वाचलं. 'धन्याच्या शेतात चोरी करणारी.' किसनआबाच्या डोक्यावर होतं, 'मेलेलं ढोर खाणारा'. गंगाकाकूच्या डोक्यावर, 'नवऱ्याशी बेइमान'. समोर दिसल्या तेवढ्या पाट्या वाचल्या, नाव एकाचं बी नाही. अन् अक्षर मोत्यासारखं.

माह्ये कान तापले. आंगाची आग झाली. कापूस येचून झाला का पाटलाच्या वावरात बाया धुऱ्यावर उभ्या करत अन् एकेकीची ओटी झाडून पाहात. मायची ओटी दरसाल झाडली. एक बोंड कधी सापडलं नाही. एक बी नाही! तरी पाटी तिच्याच डोक्यावर.

साहेबाच्या बायकोनं तोंडाले रुमाल लावून पाट्या वाचल्या अन् पाटलाले विचारलं, "हे सगळे नट कुठून आणले हो?"

पाटील म्हणाला, "नट कायचे बाई! खरेच हायेत. नरकाले मानसं बाहेरून आना लागले नाई, घरचेच होते."

हसण्याचा असा गलका झाला का डफडं ऐकू येईना. मायले वाटलं आपली तारीफ झाली. तिनं हात जोडले.

तिनं हात जोडले, अन् मी कढईत उभी राह्यली.

काय करायचं ते मले माहीत नव्हतं. मले एकच काम येत होतं. ते केलं. शाळेत वाचे तसं वाचलं, एकेक शब्द तोडून, गळा फाडून. "धन्याच्या! शेतात! चोरी! करणारी!"

डफडं थांबलं. साहेबाले वाटलं हे बी खेळातलंच आहे. त्यानं टाळ्या वाजवल्या. मी दुसरी वाचली. "मेलेलं! ढोर! खाणारा!" मग गंगाकाकूची. मग पुढची. टाळ्या थांबल्या.

"आबा, हे तुमच्या डोक्यावर लिहलं हाय. माय, चोरी तुह्या डोक्यावर. नाव नाई लिहलं कोनाचंच!"

गुरुजी पाहुण्यांच्या मागे उभे होते. पुढं आले. "हळू," म्हणाले. "हळू वाच."

"तुमीच शिकोलं जी गुरुजी, मोठ्यानं वाच म्हनून."

गुरुजीनं हात मागं घेतले. त्याहिच्या बोटाले रंग लागलेला होता.

गंगाकाकूनं तोंडावर पदर घेतला अन् मागचं गोणपाट वर करून निघून गेली. किसनआबा उठला. म्हणाला, "पाटील, ढोर मेलं का पयला सांगावा कोनाच्या घरी येते?"

मले वाटलं, आता साऱ्यायले उठा लागते. आता उठतीन.

पाटील म्हणाला, "किसन्या, बस खाली."

आबा बसला. उभ्या जन्माची सवय. गुडघे आपोआप वाकले. बाकीचे तं उठलेच नाहीत. मी एकेकाच्या तोंडाकडे पाह्यलं. साऱ्यायनं मान खाली घातली होती, पाट्या डोक्यावर तशाच.

"अन् तू उतर," पाटील माह्यावर खेकसला. "चालती हो इथून."

मी उतरली. उतरून मागं वळली, तवा मले माह्यी पाटी दिसली. तोपर्यंत साऱ्यायच्या वाचल्या होत्या. माह्यीच तेवढी माह्या डोक्यावर होती.

'उलट बोलणारी.'

बाप्पा रे! मी चौदा वर्षांत कोणाले उलट बोलली नव्हती. ओट्यावर बस म्हटलं, बसली. दुरून पाणी पी म्हटलं, ओंजळ धरली. कढईत बस म्हटलं, कढईत बसली. त्या माणसानं माह्याबद्दल लिहिलं काय तं हे!

मी कढईच्या कडेवर पाय देऊन ती पाटी खिळ्यावरून काढली.

पाटील ओरडला, "ठेव थे! कमिटीची हाय."

"माह्या डोक्यावर होती. माह्यी हाय."

ते माह्यं पयलं उलट बोलणं.

मागचं गोणपाट जवळ होतं. गंगाकाकू तिथूनच गेली होती. मी तिकडे गेली नाही. पडद्याकडे गेली. सालदार आडवा आला, पण मले हात लावता का तो? पाहुण्यांसमोर, आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर! त्याचा तो हात हवेतच राह्यला. मी पडदा वर केला अन् सोर्गात शिरली. पोरी झोपाळ्यावर फुटाणे खात होत्या. मले पाहून किंचाळल्या. ढग बांबूले सुतळीनं बांधले होते. जवळून पाह्यलं तं त्याच्यात सरकी तशीच होती, काडीकचरा तसाच. एवढ्यासाठी मी महिनाभर जीव टाकत होती. पाटी छातीशी धरून मी मोठ्या दारातून बाहेर आली.

माय सुतळी काढून माह्या मागंच पळत आली होती, मागच्या बाजूनं, काजळी फासलेल्या तोंडानं. मैदानात गाठलं अन् एक थापड मारली. अशी का कानात घुंई झालं.

"काहून वाचलं तू? कायले वाचलं? मी सुखानं बसली होती! माह्यं नाव होतं तिथं!"

"नव्हतं ना माय."

"माह्यासाठी होतं!"

अन् ती मैदानाच्या कडेच्या धुऱ्यावर बसून रडली. चोर म्हटलं म्हणून नाही रडली. नाव गेलं म्हणून रडली.

दुसऱ्या दिवशी जत्रा उघडली. माय गेली. हो, गेली! त्याच खांबाले, त्याच पाटीखाली. आबा बी गेला. मी मायचा हात धरला तं म्हणे, "वावर त्याहिचं हाय पोरी. तुह्या वाचन्यानं चूल पेटते का?" पाच दिवस बसली. आसपासच्या गावांचे लोकं, थेट किन्हीराजापासूनचे, बैलगाड्या जुंपून आले अन् पाहून गेले. ओरडा म्हटलं का माय ओरडे. पण हसली नाही. आता तिले माहीत होतं डोक्यावर काय आहे, अन् ते माहीत असून बसणं मीच तिच्या गळ्यात बांधलं होतं. मले पाटलाचा राग आला तेवढाच मायचा आला, अन् मायचा आला म्हणून माह्या स्वतःचा आला. तो राग अजून गेला नाही. जाऊ बी नये.

पाटी माह्याजवळ आहे. रंग उडाला, अक्षर दिसते. घराच्या दारावर लावली आहे. नवीन आलेला माणूस विचारते, बाई, नावाची पाटी नाही लावली? मी म्हणते, हेच नाव आहे. खोटं लिहिलं होतं, मी खरं करून दाखवलं.

तवापासून वस्तीत कोणताही कागद आला, कोणी अंगठा कर म्हटलं, सही कर म्हटलं, भिंतीवर काही चिकटवलं, तं मी पयले उभी राहते अन् वाचते. साहेब म्हणतात, बाई, मनातल्या मनात वाचा. नाही वाचत. चार वर्षं मी ओट्यावरून आतल्याले ऐकू जावं म्हणून बोंबलली. आता बाहेर बसलेल्या शेवटच्या माणसाले ऐकू जाईपर्यंत बोंबलीन. मग त्याले राग येवो का रडू येवो, थापड बसो का काम सुटो. डोक्यावर काय लिहिलं आहे ते त्याले कळलंच पाहिजे.