सेन्सर नसलेल्या स्विचचा मेसेज

आधीच सांगतो, भूतबित, अंगात येणं वगैरे मी मानत नाही. घरी कुणी असलं काही सांगायला लागलं की त्याची खेचणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे पारोळ्याचे, आता सुरतेत. इच्छापोरच्या एका कापड प्रोसेसिंग मिलमध्ये मी नेटवर्क सांभाळतो. माझे काका — आम्ही त्यांना नाना म्हणतो — त्याच मिलमध्ये स्टेंटरवर होते, म्हणजे ओलं कापड गरम हवेने सुकवणाऱ्या मशीनवर. मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच.

गेल्या उन्हाळ्यात मी सगळ्या स्विचवर, म्हणजे प्रत्येक खात्यातले कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यांवर, लक्ष ठेवायला एक सॉफ्टवेअर बसवलं. त्यात अटी लिहायच्या असतात. सर्व्हर रूमसाठी मी अट लिहिली — तापमानाची दहा मिनिटांची सरासरी चाळीसच्या वर गेली, तर मला मोबाईलवर मेसेज. सरासरी एवढ्यासाठी, की क्षणभर आकडा उडाला म्हणून उगाच बोंब नको. आणि मग आळसात तीच अट सगळ्या स्विचना लावून टाकली. नानांना मोठ्या ऐटीत स्क्रीन दाखवली, तर आमच्या अहिराणीत म्हणाले, "तुना डबास्ले बी ताप येस का रे?"

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी कँटीनमध्ये चहा पीत होतो. मेसेज आला: स्टेंटर खात्याचा स्विच, सरासरी ४१.१.

मी वैतागलो. तो स्विच जुना, स्वस्तातला. त्यात तापमान मोजायचा सेन्सरच नाही! त्याच्यापुढे कायम 'डेटा नाही' असंच दिसायचं. म्हणजे ती अट पूर्ण होणं शक्यच नव्हतं. आपणच काहीतरी घोळ घातला असणार, अशा चिडचिडीत चहा संपवला आणि बघायला गेलो.

स्विच मशीनच्या मागे भिंतीवर आहे. समोर कापडाच्या ट्रॉल्या, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथे नाना पडले होते. अंग कोरडं, हात लावला तर चटका बसेल असं. मी "नाना, नाना" करत राहिलो. ते एवढंच म्हणाले, "माले घर ली चाल..." आणि त्यांची शुद्ध गेली.

हॉस्पिटलमध्ये उष्माघात म्हणाले. नर्सने ताप सांगितला, एकशे सहा. संध्याकाळी बाकावर बसल्या बसल्या, काही सुचेना म्हणून, मोबाईलवर ते सेल्सिअसमध्ये करून पाहिलं. ४१.१. दुपारचा मेसेज उघडून पुन्हा बघितला. तोच आकडा.

मेसेज अजून माझ्याकडे आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्या दुपारची काहीच नोंद नाही — ना आकडा, ना मेसेज पाठवल्याची खूण. ते बसवून देणाऱ्या केतनभाईंना बोलावलं. तासभर बघून म्हणाले, "भाई, आमां सेन्सर ज नथी. मेसेज आवे ज केवी रीते?" सेन्सरच नाही तर मेसेज येईलच कसा, म्हणे. मी मोबाईल पुढे धरला. त्यांनी दोनदा वाचलं आणि दुसऱ्याच कामाचं बोलायला लागले.

घरी सगळे म्हणतात, कुलदेवीने वाचवलं. आई नवस फेडून आली. मी हो म्हणत नाही, पण नाही म्हणायलाही तोंड उघडत नाही.

नाना वाचले. पण चालताना तोल जातो, बोलताना शब्द अडकतात. आता कामावर येणं नाही. डॉक्टर म्हणाले होते, दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं.

दहा मिनिटं... ती तर मीच लिहिली होती. सरासरीऐवजी ताजा आकडा धरला असता, तर मेसेज आधी आला असता का? पण जो मेसेज येणंच शक्य नव्हतं, त्याला उशीर झाला म्हणून स्वतःला दोष कसा द्यायचा? तरी मी देतोय. मला खरंच काही कळत नाही.

साहेबांनी त्या स्विचवरची अट काढून टाकायला सांगितलंय, आणि त्यांचं बरोबरच आहे. मी काढलेली नाही. फक्त सरासरी बदलून ताजा आकडा केला. नानांच्या जागेवर आता दुसरा माणूस उभा असतो.