अंगठ्याची जागा

भोकरदनला पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारा एक माणूस होता. हौसेनं तो जुन्या दारांच्या सागवानातून इलेक्ट्रिक गिटारी बनवायचा. माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याची मुकी झालेली इलेक्ट्रिक गिटार मी तिथं नेली. केसासारखी तांब्याची तार चिमटीत धरून, श्वास रोखून त्यानं गिटारच्या तारांखालची, आवाज पकडणारी कॉइल नव्यानं भरली. गिटारची तार छेडली; आवाज आला.

मी म्हणालो, "दांडीचा रंगही उडालाय. नवा लावा."

त्यानं झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"रंग काय सर, दुकानात डबाभर मिळतो. पन इथं तुमच्या भावाचा अंगठा हाये. ह्ये मी बिलकुल झाकनार न्हाई."

मला गिटार येत नाही. रोज संध्याकाळी त्या जागी अंगठा ठेवून एकच तार छेडतो.